‘वेस्ट एंड ब्लूज’ ऐकताना: कोण काय वाजवतंय हे कानाने कसं ओळखायचं

‘वेस्ट एंड ब्लूज’ ही जॅझ रचना माझ्याकडे पहिल्यांदा आली ती एका कॅसेटवर. आतल्या घडीच्या कागदावर वादकांची नावं होती. ट्रम्पेट लुई आर्मस्ट्रॉंग, ट्रोंबोन किड ओरी, क्लॅरिनेट जॉनी डॉड्स, पियानो लिल हार्डिन, बँजो जॉनी सेंट सिर. मी ती नावं पाठ केली आणि बरीच वर्षं तसंच ऐकत राहिलो. मग एका रात्री हेडफोन लावून ऐकताना ट्रोंबोनच्या मागे एक आवाज कानात अडकला. टक्, टक्, घोड्याच्या टापेसारखा. कागदावरच्या पाच जणांमध्ये तालवाद्य वाजवणारा कोणीच नव्हता. मग हे वाजवतंय कोण?

त्या एका आवाजामुळे कळलं की कागदावरची यादी आर्मस्ट्रॉंग सोडला तर पूर्ण चुकीची होती. ती नावं होती १९२५ साली सुरू झालेल्या आर्मस्ट्रॉंगच्या मूळ ‘हॉट फाइव्ह’ गटाची. हे ध्वनिमुद्रण २८ जून १९२८ला शिकागोत झालं, तेव्हा गटाचं नाव तेच राहिलं होतं पण माणसं सगळी बदलली होती. ट्रोंबोनवर फ्रेड रॉबिन्सन, क्लॅरिनेटवर जिमी स्ट्रॉंग, पियानोवर अर्ल हाइन्स, बँजोवर मॅन्सी कार आणि तालवाद्यांवर झटी सिंगलटन. आर्मस्ट्रॉंगला धरून सहा जण, आणि नाव मात्र ‘हॉट फाइव्ह’.

जुनं जॅझ ऐकणाऱ्याला हे नेहमी भेटतं. म्हणून कोणत्याही जुन्या ध्वनिमुद्रणात कोण, काय आणि कसं वाजवतंय हे स्वतःच्या कानाने पटवून कसं घ्यायचं, ते या एकाच रचनेवरून सांगतो. संध्याकाळचे दोन-तीन तास हाताशी ठेवा. रचना सव्वातीन मिनिटांची आहे, पण ती वीस-पंचवीस वेळा ऐकायची आहे.

आधी चांगली प्रत मिळवा

या रचनेच्या आंतरजालावर पुष्कळ प्रती आहेत आणि त्या सारख्या नाहीत. काहींमध्ये खरखर काढण्यासाठी इतकी चाळणी मारलेली असते की खरखरीबरोबर बँजोही निघून जातो. ट्रम्पेट गुळगुळीत लागतो आणि मागे पोकळी राहते. थोडी खरखर असलेली प्रत घ्या. पाचेक मिनिटांत कान खरखर बाजूला टाकायला शिकतो, पण कापून टाकलेला आवाज कान परत आणू शकत नाही. मुद्रण मोनो आहे. कोणी त्याचं ‘स्टिरिओ’ करून विकत असेल तर ती प्रत घेऊ नका.

दोन-तीन प्रती निवडून एक सोपी परीक्षा करा. ५० सेकंदांच्या पुढे ट्रोंबोन सुरू होतो. त्याच्या मागची ती टापांची टकटक जिथे कोरडी आणि स्पष्ट ऐकू येते, ती प्रत ठेवा.

पुढची परीक्षा स्वराची. ही रचना ई-फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत काळी दोन. पेटी असेल तर काळी दोनचा षड्ज धरा, नाहीतर फोनवरच्या तानपुऱ्यात तो लावा आणि रचनेचा शेवटचा स्वरसमूह (कॉर्ड) त्याच्याशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर प्रत चुकीच्या वेगाने उतरवलेली आहे. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की सगळं अर्ध्या स्वराने चढतं आणि काळी दोनची पांढरी तीन होते. असं झालं की ट्रम्पेटचा आवाज पातळ होतो, लय उतावीळ वाटते आणि आपण त्याचं खापर वादकावर फोडतो. अमेरिकेतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा प्रमाण वेग मिनिटाला ७८.२६ फेरे होता. आपण नुसतं ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हणतो, पण उतरवणाऱ्याला तो अपूर्णांकही सांभाळावा लागतो.

तुमच्याकडे खरी ७८ची तबकडी असेल, चोर बाजारातून आणलेली किंवा आजोबांच्या पेटीतली, कोणत्याही संगीताची, तर दोन गोष्टी सांभाळा. एलपीची सुई तिच्यावर लावू नका. ७८च्या खोबणीला साधारण तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशाची, जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई खोबणीच्या तळाशी पोचते आणि तिथली सगळी घाण वाजवते. दुसरं म्हणजे ती तबकडी स्पिरिटने पुसू नका. तिच्यात लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जगाच्या ग्रामोफोन उद्योगाला लागणारी लाख मुख्यतः आपल्याकडच्या जंगलांतून जायची. शिकागोतलं संगीत आणि इकडचे पळस-कुसुंबाचे वृक्ष यांचं नातं इतकं जवळचं आहे, हे कळल्यापासून मी ७८ची तबकडी जास्तच जपून हाताळतो.

तबकडीवरचं लिखाण वाचा

मूळ तबकडी ‘ओके’ कंपनीची, क्रमांक ८५९७. दुसऱ्या बाजूला ‘फायरवर्क्स’ ही रचना आहे, ती आदल्या दिवशी म्हणजे २७ जूनला मुद्रित झाली. ओकेची ८००० पासूनची मालिका त्या काळच्या वर्णभेदाच्या बाजारात कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळी काढलेली होती. आज जागतिक ठेवा मानलं जाणारं हे संगीत त्या कप्प्यात घालून विकलं गेलं, हे तबकडी हातात घेताना लक्षात ठेवावं.

तबकडीच्या क्रमांकापेक्षा महत्त्वाचा असतो मेट्रिक्स क्रमांक. तो मुद्रणाच्या वेळी मेणाच्या साच्याला दिला जातो. या रचनेचा ४००९६७ आहे. एकाच दिवशी मुद्रित झालेल्या रचनांचे क्रमांक सहसा लागोपाठ येतात, म्हणून तबकड्या वेगवेगळ्या महिन्यांत बाजारात आल्या तरी कोणत्या रचना एका बैठकीतल्या आहेत हे या क्रमांकावरून कळतं. एका बैठकीत माणसं सहसा तीच असतात. त्यामुळे एका रचनेतला पियानोवादक नक्की झाला की शेजारच्या क्रमांकांच्या रचनांतलाही बहुधा सुटतो.

त्या काळच्या बहुतेक लेबलांवर साथीदारांची नावं नसत. पुढे संग्राहकांनी कंपन्यांच्या वह्या चाळून, हयात वादकांना गाठून, ऐकून आणि भांडून याद्या बनवल्या. ब्रायन रस्ट या इंग्रज संशोधकाचं काम त्यात पायाभूत आहे. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा शाखेने अमेरिकन ध्वनिमुद्रणांची मोठी सूची आंतरजालावर मोफत खुली केली आहे. तिच्यात मेट्रिक्स क्रमांकाने शोध घ्या. तरी याद्यांमध्येही चुका उतरत जातात. बँजोवादक मॅन्सी कारचं आडनाव कितीतरी ठिकाणी ‘कारा’ असं छापलेलं आहे. एकाने चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याच्यावरून उतरवलं.

पहिल्यांदा नुसतं ऐका

वही बाजूला ठेवा आणि दोनदा शेवटपर्यंत ऐका. एवढंच.

आता मात्रा मोजा

रचना बारा बारांच्या ब्लूजची आहे. बार म्हणजे मात्रांचा एक गट. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे बारा बारांच्या एका फेरीत ४८. ज्याने थोडाही तबला ऐकला आहे त्याला हे फार सोपं जातं, कारण ४८ म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. ब्लूजच्या फेरीलाही तीनच ओळी असतात, प्रत्येकी १६ मात्रांच्या. बोटांच्या पेरांवर एकेक ओळ मोजा.

स्वरांची चौकटही तीन ओळींतच समजते. पहिली ओळ पूर्ण घरी, म्हणजे षड्जाच्या स्वरसमूहावर. दुसऱ्या ओळीत पहिल्या आठ मात्रा मध्यमावर आणि उरलेल्या आठ परत घरी. तिसरी ओळ पंचमावरून सुरू होते आणि घरी येऊन संपते. पियानोवादक यात आपले रंग भरतो, पण सांगाडा हाच. तानपुरा बंद करून हे ऐकायला हवं, कारण इथे आधारस्वर स्थिर नसतो, तो जागा बदलतो. ख्यालाला सरावलेल्या कानाला हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते. माझ्या कानाला दुसऱ्या ओळीचा तो मध्यमावरचा मुक्काम ओळखायला आठवडा लागला. एकदा ओळखला की मग प्रत्येक फेरीत दार उघडल्यासारखा ऐकू येतो.

लय मिनिटाला साधारण ८५ मात्रांची आहे, म्हणून एक फेरी जवळपास ३४ सेकंदांत पुरी होते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावत. सुरुवातीचा एकट्या ट्रम्पेटचा भाग, मग पाच फेऱ्या आणि शेवट, असा हिशेब त्या जागेत बसवलेला आहे. वहीत पुढचे आकडे लिहून घ्या, तुमच्या प्रतीत एक-दोन सेकंद इकडेतिकडे होतील: पहिली फेरी ०:१५, दुसरी ०:५०, तिसरी १:२४, चौथी १:५९, पाचवी २:३२, आणि शेवटाकडचा उतार २:५६च्या सुमारास.

ट्रम्पेट: पहिले पंधरा सेकंद

कोणाचीही साथ नाही. चार स्वर ठणठणीत, एकेका मात्रेचे, कसलीही सजावट नसलेले. मग एक झेप वर. थोडं थांबून मोठी, वळणावळणांची उतरण, आणि मग बाकीचे सगळे एक लांब स्वरसमूह धरून आत येतात.

हा तुकडा वीस वेळा ऐका, पण प्रत्येक वेळी वेगळ्या प्रश्नाने. एकदा नुसत्या आघातांकडे लक्ष द्या. पहिले चार स्वर सारख्या लांबीचे असूनही चालतात कसे? प्रत्येक स्वराला सुरुवातीला धक्का आहे आणि शेवटी किंचित सोडणं आहे, त्या सोडण्यात चाल आहे. मग उतरणीत जा आणि पायाने लय धरायचा प्रयत्न करा. पाय चुकतो. लय सुटलेली नसते, स्वरांचे गट बदलत असतात, कधी तीन-तीनचे तर कधी दोन-दोनचे. आपल्याकडे तान अशी मात्रेला चकवते आणि पुन्हा समेवर येते, त्याच्या जवळचं हे काम आहे. फरक एवढाच की इथे ठेका अजून सुरूच झालेला नाही, तो ऐकणाऱ्याच्या मनात तयार करायचं काम ट्रम्पेट एकटाच करतो.

रचना आर्मस्ट्रॉंगची नाही. ती त्याच्या गुरूची, ‘किंग’ जो ऑलिव्हरची, आणि वेस्ट एंड हे न्यू ऑर्लिन्समधलं पाँचरट्रेन सरोवराच्या काठचं फिरायला जाण्याचं ठिकाण. ऑलिव्हरनेच १९२२मध्ये आर्मस्ट्रॉंगला शिकागोला बोलावून घेतलं होतं. ऑलिव्हरच्या गटाने ही रचना ११ जून १९२८ला मुद्रित केली, आर्मस्ट्रॉंगच्या सतरा दिवस आधी. ते मुद्रण मिळवून लगेच ऐका. तीच धून आहे, पण सुरुवातीचे ते एकट्या ट्रम्पेटचे सेकंद तिथे नाहीत. शिष्याने काय घातलं हे याहून स्पष्ट कोणीही समजावू शकणार नाही. आणि १६ जानेवारी १९२९ला ऑलिव्हरने हीच रचना पुन्हा मुद्रित केली तेव्हा ट्रम्पेटवर लुई मेटकाफला घेऊन आर्मस्ट्रॉंगची सुरुवात वाजवून घेतली. गुरूच्या गटाने शिष्याची जागा उचलली. मला या तीन मुद्रणांचा क्रम ऐकताना दर वेळी गलबलून येतं.

पहिल्या फेरीत आर्मस्ट्रॉंग धून जवळजवळ सरळ वाजवतो. इथे लांब स्वरांची शेपटी ऐका. स्वर आधी सरळ उभा राहतो आणि संपता संपता थरथरतो. ही त्याची सही आहे. नावं नसलेल्या मुद्रणात आर्मस्ट्रॉंग आहे का हे ओळखताना मी आधी ही शेपटी शोधतो, उंच स्वर नंतर.

ट्रोंबोन आणि ती टापांची टकटक

दुसरी फेरी फ्रेड रॉबिन्सनची. त्याच्या वाजवण्यावर टीका होते की फार साधं आहे, धुनेला चिकटून आहे. साधं आहे हे खरं. पण आधीच्या फेरीच्या शेवटी ट्रम्पेट इतका वर चढलेला असतो की लगेच दुसऱ्या कोणी चढाओढ केली असती तर रचना तिथेच मोडली असती. रॉबिन्सन खाली, जमिनीवर येतो, तिथे बसतो. मला ते योग्य वाटतं.

याच ठिकाणी माझ्या कॅसेटवरचा कागद खोटा ठरतो. किड ओरीचा ट्रोंबोन ऐकलेला असेल, उदाहरणार्थ १९२६च्या ‘मस्क्रॅट रॅम्बल’मध्ये, तर तो स्वरांवर घसरत, ढकलत येतो, आवाजाला खरबरीत कडा असते. रॉबिन्सनचा आवाज गोल आणि आवरलेला. दोन्ही पाठोपाठ ऐका, दहा सेकंदांत फरक कळतो.

मागची टकटक झटी सिंगलटनची. कान म्हणतो लाकूड आहे, पण नोंदी सांगतात की या बैठकांमध्ये तो हातात धरायच्या छोट्या झांजांची जोडी वाजवत होता. कडेवर कडा आपटून लगेच दाबली की धातूचा झणकार राहत नाही, कोरडा ठोका तेवढा उरतो. आपल्या झांजा किंवा टाळ घरात असतील तर करून बघा. दोन्ही तळव्यांत घट्ट धरून, दोरी मोकळी न सोडता वाजवा. बऱ्याच अंशी तोच आवाज येतो.

सिंगलटनसारखा तयार वादक पूर्ण ड्रम का वाजवत नाही? मोठ्या ढोलाच्या ठोक्याने मेणावरची सुई उडायची किंवा खोबण बिघडायची, म्हणून मुद्रणाच्या खोलीत ढोल फारसे आणू देत नसत. १९२८मध्ये मायक्रोफोनने मुद्रण होत होतं, भोंग्याचे दिवस गेले होते, तरी ही भीती आणि सवय टिकून होती. त्यामुळे नृत्यगृहात हा गट कसा दणाणत असेल ते या मुद्रणावरून कळत नाही. हे सहापैकी पाच जण शिकागोच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये कॅरल डिकर्सनच्या मोठ्या वाद्यवृंदात रोज वाजवत होते. हाइन्स तेवढा वेगळ्या ठिकाणी, एपेक्स क्लबमध्ये जिमी नूनबरोबर.

क्लॅरिनेट आणि आवाज

तिसरी फेरी बहुतेकांना पहिल्याच ऐकण्यात आवडते. जिमी स्ट्रॉंग क्लॅरिनेटवर खालच्या सप्तकात एक छोटी ओळ म्हणतो, आर्मस्ट्रॉंग ती ट्रम्पेटने नाही तर गळ्याने परत करतो, शब्दांशिवाय. सवाल-जवाब आहे, पण स्पर्धेचा नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलेली दोन माणसं बोलतात तसा.

आपल्या लग्नाच्या बँडमध्ये जिला क्लॅरोनेट म्हणतात तेच हे वाद्य, पण बँडवाले ते वरच्या टिपेत, रस्त्यावर ऐकू जावं म्हणून वाजवतात. त्याचा खालचा आवाज कसा असतो, लाकडी, थोडा घोगरा, ते इथे ऐका. मग १० मे १९२७चं ‘पोटॅटो हेड ब्लूज’ लावा. तिथे जॉनी डॉड्स आहे, त्याचा स्वर धारदार, कंप जलद आणि रुंद. डॉड्स एकदा कानात बसला की ‘वेस्ट एंड ब्लूज’मध्ये तो नाही, हे कोणाच्याही यादीशिवाय सांगता येतं.

आर्मस्ट्रॉंगच्या त्या शब्दहीन गाण्याला स्कॅट म्हणतात. तराण्याशी त्याची तुलना लगेच सुचते, पण तराण्याचे बोल ठरलेले असतात, इथे नाहीत. गळा ट्रम्पेटसारखा वापरलाय. एकदा ट्रम्पेटची पहिली फेरी आणि लगेच ही तिसरी ऐका. ओळ कुठे थांबवायची, मात्रेच्या किती मागे राहायचं, शेपूट कशी थरथरवायची, सगळं तेच आहे. गायिका बिली हॉलिडे हिने आत्मचरित्रात सांगितलं आहे की लहानपणी बाल्टिमोरमध्ये तिने हे मुद्रण ऐकलं आणि कोणी शब्दांशिवाय गातोय याचं तिला नवल वाटलं.

पियानो

चौथी फेरी अर्ल हाइन्सची, आणि इथे बाकीचे जवळजवळ गप्प आहेत. हातांची कामं वेगळी करून ऐका. आधी फक्त डावा हात, तो चालत राहतो. मग फक्त उजवा. पहिल्या ओळीत तो झुळझुळतो, बारीक झालरीसारखे स्वर. दुसऱ्या ओळीत अचानक एकच स्वर दोन सप्तकांत एकदम, टणक, ठासून. हाइन्सच्या या पद्धतीला ‘ट्रम्पेट शैली’ म्हणतात. वाद्यवृंदाच्या गलक्यातून पियानो ऐकू यावा म्हणून ओळ अशी दुहेरी वाजवायची, ट्रम्पेटच्या फेकीसारखी. तिसऱ्या ओळीत पुन्हा मवाळ. एका ३४ सेकंदांत तीन वेगळे स्वभाव.

लिल हार्डिनचा पियानो मुळात ठेका धरणारा, भक्कम स्वरसमूहांचा होता. गटाला तो सांभाळून घ्यायचा, आणि तिच्याशिवाय मूळ हॉट फाइव्ह उभं राहिलं नसतं असं मी मानतो. पण ही चौथी फेरी तिची नव्हे. हाइन्स पूर्ण कळायचा असेल तर ५ डिसेंबर १९२८चं ‘वेदर बर्ड’ ऐका. तिथे फक्त तो आणि आर्मस्ट्रॉंग, दोघेच.

शिकागोच्या त्याच वर्तुळातल्या आणखी एका पियानोवादकाचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. टेडी वेदरफर्ड आर्मस्ट्रॉंगबरोबर अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात होता, १९२६च्या मुद्रणात दोघेही आहेत. नंतर तो आशियात आला, तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत होता आणि १९४५मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्या काळात मुंबईच्या जॅझ गटांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी शिकलेली ही मंडळी. त्यांतल्या हळदोण्याच्या अंतोनियो शाविएर वाझला लोक चिक चॉकलेट म्हणून ओळखत, आणि भारताचा लुई आर्मस्ट्रॉंगही म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांत त्याचा ट्रम्पेट आहे. ती गाणी आपल्या सगळ्यांच्या कानांत आहेत, तर हा सरावही तिथे करा. लांब स्वराची थरथरती शेपटी शोधा.

तो एक स्वर

पाचवी फेरी. पहिल्या फेरीसारखीच सुरुवात, पण एक सप्तक वर, आणि पहिल्याच ओळीत आर्मस्ट्रॉंग एका स्वरावर जाऊन थांबतो. काळी दोनचा षड्ज धरला तर हा वरचा पंचम, काळी पाच. तो जवळजवळ ओळभर, दहाएक सेकंद, धरून ठेवलेला आहे. पेटीवर काळी पाच दाबून ठेवा आणि बरोबर ऐका. स्वर तसूभर खाली येत नाही.

पहिल्यांदा त्या स्वरावर लक्ष ठेवा. दुसऱ्यांदा त्याच्याखाली काय चाललंय तिकडे बघा. क्लॅरिनेट आणि ट्रोंबोन आपापले स्वर धरतात, पियानो ठोके देतो, म्हणजे खालची जमीन हलतेय आणि वर एक रेघ स्थिर आहे. ताण त्यातून येतो. मग स्वर सुटतो आणि एकच उतरती ओळ पुन्हा पुन्हा, घाईने, जणू इतका वेळ कोंडलेला श्वास सुटला. दोन ओळी झाल्यावर लय मोडते. हाइन्स एकटाच, सैल, पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. ट्रम्पेट सगळ्यांना घेऊन शेवटची ओळ सावकाश म्हणतो. सगळे थांबल्यावर अगदी शेवटी पुन्हा झटीचा एक ठोका पडतो.

वहीतली नोंद

आता एका पानावर उभे सहा रकाने पाडा, एकेका वादकाचा, आणि आडवे सात, सुरुवात, पाच फेऱ्या आणि शेवट. प्रत्येक चौकोनात तो वादक तिथे काय करतो ते दोन शब्दांत लिहा. ‘लांब स्वर’, ‘ठेका’, ‘गप्प’. जिथे खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने परत या. प्रश्नचिन्ह असलेला चौकोन यादी बघून भरू नका.

सगळ्यात शेवटी राहतो तो बँजोचा रकाना. मॅन्सी कारला या रचनेत एकही एकल जागा नाही. त्याच्यासाठी एक पूर्ण फेरफटका राखून ठेवा. खोलीतला पंखा बंद करा, बास कमी करा, आवाज थोडा वाढवा आणि ०:१५पासून फक्त त्याच्या तारांचा तो कोरडा, मात्रेमात्रेवरचा झटका धरून चाला. ट्रम्पेट बोलावेल, जाऊ नका. मधे काही जागी तो हरवेल. तिथे तो वाजवत नाही की मुद्रणात बुडाला, हे ठरवण्यासाठी त्याच जागी तीन-चारदा मागे जा. ट्रोंबोनच्या फेरीत तो झटीच्या ठोक्यांमध्ये मिसळतो. तिथे धातूचा झटका आणि टापेचा कोरडा आवाज वेगवेगळे करून ऐकता आले, की त्याच्या रकान्यातला तो चौकोन पेनाने भरा.